बोगद्यातली हाक

सुप्रभाताई देव घासत होत्या. उद्या घट बसायचे. एरवी देवांना रोजच्या पाण्याने अंघोळ चालते, पण नवरात्राच्या आधी चिंच पाहिजे ती पाहिजेच. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना टॉवेल अंथरून त्यांनी सगळा देव्हारा खाली उतरवला होता. अन्नपूर्णा, घंटा आणि निरांजन लख्ख होऊन ताटात जाऊन बसली होती. बाळकृष्ण, गणपती आणि फलटणहून आणलेला बोटभर उंचीचा राम अजून चिंचेच्या पाण्यातच होते. रामाच्या धनुष्याच्या खाचेत मळ अडकतो, तिथे जुना टूथब्रश लागतो. तो आणायला त्या उठल्या आणि त्यांच्या लक्षात आलं, घरात आवाज नाही.

आवाज म्हणजे डॉक्टरांच्या पायांचा. डॉक्टर वेलणकर पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले की त्यांचे पाय स्वस्थ राहत नसत. टाच उचल, टाच टेकव, असा ठेका सारखा चालायचा. आयुष्यभर पळालेला माणूस, आता बसल्या जागी पळायचा. तो ठेका ऐकतच भाजी चिरायची, पोथी वाचायची, अशी सुप्रभाताईंना सवय झाली होती.

"अहो?"

काही नाही. खुर्ची रिकामी, वर्तमानपत्र खाली पडलेलं. मागचं दार सताड उघडं, आणि दाराशी ठेवलेले पळायचे बूट गायब.

दार त्यांच्याच हातून उघडं राहिलं होतं. आज सर्वपित्री अमावास्या. सासूबाईंच्या नावाचं पान, वडे, खीर, भोपळ्याची भाजी, सगळं वाढून मागच्या भिंतीवर कावळ्यासाठी ठेवलं आणि त्या आत आल्या. दोन्ही हातांत रिकामी पातेली, म्हणून वरची कडी घालायची राहिली. कावळा शिवेपर्यंत आपण जेवायचं नाही, तोवर देव तरी उरकू, एवढाच त्यांचा हिशेब. ती कडी मुलीने, वरदाने, खास उंचावर बसवून घेतली होती. डॉक्टरांना सहज सापडू नये म्हणून.

चिंचेने बरबटलेल्या हातांनी त्यांनी फोन उचलला आणि तसाच धरून उभ्या राहिल्या.

पोलिसांना फोन करायचा, असं ठरलेलं होतं. पण पोलिसांना कळलं की ते सोशल वर्करला कळतं, आणि सोशल वर्करला कळलं की कार्डिफला वरदाला कळतं. आणि उद्या सोमवारी सकाळी तर केअर होममध्ये डॉक्टरांसाठी बघितलेल्या खोलीचं उत्तर द्यायचं होतं. हो की नाही. सुप्रभाताईंचं उत्तर तयार होतं: नाही. गेले पंधरा दिवस त्यांनी ते मनातल्या मनात इतक्या वेळा म्हटलं होतं की जपमाळ ओढल्यासारखं झालं होतं.

त्यांनी पोलिसांना फोन केला नाही. मैत्रिणीला, शोनाला केला.

तर हे डॉक्टर वेलणकर कोण, ते सांगायला हवं.

फलटणच्या बाजूला नीरेचा कालवा आहे. त्याच्या काठावरच्या एका वस्तीवर डॉक्टरांचं बालपण गेलं. शाळा लांब, आणि वाट एकच, कालव्याच्या कडेची. पाटी-दप्तर डोक्यावर धरून हा मुलगा रोज पळत शाळेला जायचा. शाळेच्या अलीकडे पायऱ्यांवर बसून कालव्यात पाय धुवायचा, मगच वर्गात शिरायचा. मास्तर धुळीचे पाय खपवून घेत नसत. पुढे तो शिकला, डॉक्टर झाला, भूलतज्ज्ञ झाला, आणि लग्न करून इथे स्कॉटलंडमध्ये आला. हॉस्पिटलने घर दिलं ते फॉल्कर्कला. पहिल्याच रविवारी गावात भटकून आला आणि दारातूनच ओरडला, "अगं सुप्रभा, इथे कालवा आहे! एक नाही, दोन!"

त्या दिवसापासून जे पळणं सुरू झालं ते थांबलं नाही. त्या काळात इथे असं कुणी पळायचं नाही. दुधाच्या गाडीवाला गाडी थांबवून विचारायचा, "डॉक, कोण लागलंय मागे?" डॉक्टर म्हणायचे, "मास्तर!" तो बिचारा हसायचा, त्याला काय कळणार.

डॉक्टरांच्या वाटा तीन होत्या आणि तिन्हींची नावं मराठी. कॅलेंडर पार्कात जुनी मोठी हवेली आहे, पुढे तळं, मागे रान. तळ्याला वळसा घालून रानातून वर चढायचं आणि हवेलीच्या पाठीमागून उतरायचं, ती 'प्रदक्षिणा'. खालच्या कालव्याच्या कुलपांच्या कडेकडेने, म्हणजे बोटी जिथे पायरीपायरीने खाली उतरवतात त्या दारांजवळून, उतरत उतरत लोखंडी घोड्यांच्या दोन प्रचंड तोंडांपर्यंत जायचं, ती 'घोड्यांची वाट'. घोड्यांचे पुतळे अलीकडे झाले, पण वाट जुनीच. आणि तिसरी घरामागची. रेल्वे स्टेशनच्या वरच्या अंगाने दुसरा कालवा जातो, तो पुढे डोंगराच्या पोटात शिरतो. हवेलीच्या त्या काळच्या मालकाला आपल्या खिडकीतून कालवा दिसायला नको होता, म्हणून बिचाऱ्या मजुरांनी खडक फोडून लांबलचक बोगदा खणला. बोगद्यातून पलीकडच्या गावापर्यंत जाऊन परत यायचं. ती 'शाळेची वाट'.

सुप्रभाताई कधी पळाल्या नाहीत. पण पुढेपुढे शनिवारी पार्कात पळणाऱ्या मंडळींचा मोठा मेळावा भरायला लागला, तेव्हा त्या थर्मासमधून चहा घेऊन शेवटच्या वळणावर उभ्या राहायच्या. आल्याचा चहा. गोऱ्या बायका नाकं मुरडत घ्यायच्या आणि पुन्हा मागायच्या. तिथेच त्यांची शोनाशी ओळख झाली. शोना निवृत्त पोस्टवूमन, उंच, लाल गालांची. पहिल्यांदा नाव ऐकलं तेव्हा डॉक्टर हसून म्हणाले, "तुला माहीत आहे का, आमच्याकडे अर्ध्या आया मुलांना शोना म्हणूनच झोपवतात." शोना म्हणाली, "मग मला कुणीतरी झोपवा, डॉक. चार वाजता उठून पाच वर्षं टपाल टाकलंय." पाच नव्हे, तीस वर्षं टाकलं होतं, पण तिची बोलायची पद्धतच तशी.

एक गोष्ट मात्र सुप्रभाताईंनी आयुष्यात केली नव्हती. नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. तसं एकदा घेतलं होतं, लग्नात, उखाण्यात. ते सगळेच घेतात, त्याला दोष नाही:

"फलटणच्या रामापुढे पहाटे वाजते घंटा,
शशिकांतरावांच्या संसारात नको कधी तंटा."

मांडव हसला होता. नंतर सासूबाईंनी जवळ घेऊन सांगितलं, "नाव एवढंच बरं हो. नाव घेतलं की तेवढं आयुष्य कमी होतं म्हणतात." सासूबाई बोलल्या आणि सुप्रभाताईंनी ते पदरात बांधून ठेवलं. मग इथे बँकेत, पोस्टात, दवाखान्यात, कुणी नवऱ्याचं नाव विचारलं की त्या पासपोर्ट पुढे करायच्या. घरात फक्त 'अहो'. डॉक्टर चिडवायचे, "मी मेल्यावर मृत्युपत्र कोण वाचणार गं?"

"वाचायला वरदा आहे. आणि भरल्या घरात काय ते बोलणं!"

"मला ऑपरेशन टेबलावर ठेवलं आणि भूल उतरेना, तर काय करशील? 'अहो'ने नाही उतरत भूल."

हे ते थट्टेत म्हणायचे, पण कामातली गोष्ट होती. भूल उतरताना माणसाचे कान आधी जागे होतात, डोळे मागून. नर्सा 'मिसेस अमुक' म्हणून हाका मारतात आणि बाई शुद्धीवर येत नाही. म्हणून डॉक्टर आधीच विचारून ठेवत, लहानपणी आई काय म्हणायची तुला? पेगी म्हणायची? मग 'पेगी, उठ' म्हटलं की म्हातारी पापण्या हलवायची. "माणूस कुठूनही परत येतो," ते म्हणायचे, "पण ज्या नावाने पहिल्यांदा आला, त्याच नावाने."

आणि आता तेच कुठेतरी जायला लागले होते. थोडे थोडे, रोज.

पहिल्यांदा हरवले ते घोड्यांच्या वाटेवर. घोड्यांच्या तोंडाखाली बसून राहिले होते आणि टुरिस्ट त्यांच्याबरोबर फोटो काढून घेत होते. त्या दिवशी पोलीस घरी आले, तरुण मुलगी होती. तिने विचारलं, नाव काय त्यांचं? सुप्रभाताई घाबरलेल्या, पासपोर्ट सापडेना, तोंडातून निघून गेलं, "वरदाचे बाबा." त्या पोरीने वायरलेसवर सांगितलं, "वर्डा, पुरुष, वय अठ्ठ्याहत्तर." सगळं फॉल्कर्क तासभर वर्डा नावाच्या म्हाताऱ्याला शोधत होतं. नंतर वरदा फोनवर खूप हसली, आणि हसता हसता रडली.

दुसऱ्यांदा प्रदक्षिणेवर. पार्कातल्या तळ्यात गुडघाभर पाण्यात उभे होते, दात वाजत होते. त्या वेळी कुणी हसलं नाही. वरदा कार्डिफहून आली. तिचं मराठी इथेच वाढलेलं, घाईत असली की सगळी लिंगं एकमेकांत मिसळतात. "आई, माझा ऐक. हे दुसरा वेळ आहे. तिसऱ्यांदा पाणी खोल असला तर? तो केअर होम चांगला आहे, I've seen it, खोली छान आहे, खिडकीतून डोंगर दिसतात."

"मला ओळखतात ते."

"आई..."

"मला ओळखतात तोवर घरीच राहतील. माझं नाव विसरू देत, चालेल. पण मी 'अहो' म्हटलं की वळून बघतात. तू स्वतः बघ." आणि त्यांनी तिथूनच हाक मारली होती, "अहो!" खिडकीबाहेर बघत बसलेले डॉक्टर वळले होते. पन्नास वर्षं वळत होते तसेच, जरा वैतागून, 'आता काय?' असं तोंड करून.

सुप्रभाताईंनी देवाला हात लावला होता. "जेव्हा वळणार नाहीत, तेव्हा मी स्वतः तुला फोन करेन. रामाशप्पथ."

रामाची शपथ म्हटल्यावर वरदाने तेवढ्यापुरता विषय सोडला.

शोना पाच मिनिटांत आली, पळायच्या कपड्यांतच. सुप्रभाताई कोपऱ्यावर उभ्या होत्या, साडीवर वुलन कोट, पायात घरातल्या सपाता.

"कुठली वाट, हेन?" शोना म्हणाली. इथल्या बायका जवळच्या बाईला 'हेन' म्हणतात, म्हणजे कोंबडी. सुप्रभाताईंना पहिल्यांदा राग आला होता, आता बरं वाटतं.

"सकाळपासून दप्तर विचारत होते," सुप्रभाताई म्हणाल्या. "उशीर झाला, उशीर झाला, म्हणत होते. शाळेची."

"बोगदा?"

"बोगदा."

चढ चढून त्या कालव्यावर आल्या. सप्टेंबर संपत आलेला, पाण्यावर पिवळी पानं तरंगत होती, एक बदक आपल्याच तंद्रीत चाललेलं. कुत्रा फिरवणारा एक माणूस समोरून आला. शोनाने विचारलं. हो, दिसले ना. म्हातारे गृहस्थ, पायजमा, चांगले रनिंग शूज. गुड मॉर्निंग म्हणाले. दुपार होती तरी मी पण गुड मॉर्निंग म्हटलं.

"पळत होते?"

"माझ्यापेक्षा जोरात," तो माणूस म्हणाला.

बोगद्याच्या तोंडाशी गारवा अंगावर आला. आत मधूनमधून दिवे आहेत, पण ते अंधार घालवत नाहीत, नुसता दाखवतात. वरून पाणी ठिबकतं. एका बाजूला ओबडधोबड खडक, एका बाजूला काळं पाणी, मध्ये गुळगुळीत दगडांची अरुंद वाट आणि पाण्याच्या बाजूला कठडा. सुप्रभाताई एवढ्या वर्षांत इथे दोनदाच आल्या होत्या. दोन्ही वेळा डॉक्टरांचा हात धरून.

त्यांनी शोनाचा हात धरला आणि रामरक्षा सुरू केली. ओठांतल्या ओठांत, पण बोगद्याला ओठांतलंही ऐकू येतं. पुटपुटणं छताला लागून परत येत होतं.

ते दिसले ते पलीकडच्या तोंडाच्या जरा अलीकडे. बाहेरच्या उजेडाचा एक तुकडा आत आला होता, त्यात त्यांची पाठ दिसत होती. कठड्याखालून वाकून ते पाण्याच्या बाजूला गेले होते आणि दगडाच्या अगदी कडेवर बसले होते. बूट काढून नीट जोडीने बाजूला ठेवले होते. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, पाय पाण्याकडे सोडलेले. पाणी खाली होतं, पाय पोचत नव्हते, म्हणून ते थोडे थोडे पुढे सरकत होते.

पाय धुवत होते. शाळेत जायच्या आधी.

शोना पुढे झेपावली. सुप्रभाताईंनी तिचं मनगट घट्ट धरलं. "नको. अनोळखी माणूस आला की दचकतात. सटकतील."

मग त्यांनी हाक मारली. "अहो!"

अहो, अहो, अहो, करत हाक बोगद्यात फिरून आली. डॉक्टर हलले नाहीत.

"अहो, मी आहे. इकडे बघा."

पाठ तशीच. फक्त एक हात मागे टेकून ते आणखी वीतभर पुढे सरकले.

"अहो!" या वेळी आवाज फाटला. पन्नास वर्षं ज्या दोन अक्षरांवर हा माणूस स्वयंपाकघरातून, गच्चीवरून, झोपेतून, वर्तमानपत्रामागून वळत आला, ती दोन अक्षरं त्या काळ्या पाण्यावर पडली आणि गेली. तिथे बसलेल्या मुलाचं अजून लग्नच झालं नव्हतं. त्याला 'अहो' म्हणणारं जगात कुणी नव्हतं.

"डॉक!" शोना ओरडली. "डॉक, लव्ह, मागे या!"

तो डॉक्टरही झाला नव्हता अजून.

सुप्रभाताईंना तेव्हा काय वाटलं, ते शब्दांत धरता येणार नाही. सासूबाई आठवल्या, एवढं खरं. आज ज्यांच्या नावाचं पान वाढलं, त्या. 'नाव घेतलं की तेवढं आयुष्य कमी होतं.' आणि त्याच सासूबाई, सुट्टीला गेल्यावर संध्याकाळी ओट्यावर उभ्या राहून चाळिशीतल्या मुलाला हाक मारणाऱ्या, दोन अक्षरं, दुसरं लांबवून. पेगी, उठ.

त्यांनी शोनाचं मनगट सोडलं. कठड्याचं गार लोखंड धरलं. डोळे मिटले.

"शशीऽऽ"

आवाज त्यांचा राहिला नव्हता. त्यांच्या घशातून जुना, फलटणकडचा, ओट्यावरचा आवाज आला होता.

पाठ थांबली.

"शशी, ये बाळा. पान वाढलंय."

डॉक्टर वळले. वळले ते वैतागून नाही, 'आता काय' असं तोंड करून नाही. दोन वर्षांत सुप्रभाताईंनी त्या चेहऱ्यावर एवढी ओळख पाहिली नव्हती. सगळा चेहरा उजळला होता.

"आई," ते म्हणाले, "मास्तर मारतील गं. उशीर झाला."

"नाही मारणार. आज सुट्टी आहे. अमावास्या आहे ना."

"खीर आहे?"

"आहे. हात दे."

मुलगा हात देतो तसा त्यांनी हात दिला. कठड्याखालून वाकून आत आले. शोनाने दुसऱ्या बाजूने धरलं, तेव्हा तिच्याकडे बघून हळूच विचारलं, "आई, ही कोण?"

"शोना."

"छान नाव आहे," डॉक्टर म्हणाले.

वाटेत ते सुप्रभाताईंचं बोट सोडेनात. बोगद्याबाहेर आल्यावर डॉक्टरांनी शोनाच्या हातातले बूट घेऊन खाली वाकून पायात घातले, नाडी बांधायला सुप्रभाताई दगडावर बसल्या. डॉक्टर त्यांच्या डोक्यावर हात ठेवून तोल सावरत उभे राहिले. पांढऱ्या केसांवर. आईचे केस पांढरे का झाले, हे त्यांना विचारावंसं वाटलं नाही.

घराच्या दाराशी शोना थांबली. "मला तुमची भाषा कळत नाही, हेन," ती म्हणाली. "मला कळलं ते एवढंच, की सापडले. कुणी विचारलं तर मी तेवढंच सांगेन. नाही विचारलं तर तेही नाही. तू ठरव." आणि घाईघाईने निघून गेली, कारण तिचे डोळे भरले होते आणि तिला ते आवडत नसे.

मागच्या भिंतीवरचं पान रिकामं झालं होतं. कावळ्याने खाल्लं की इथल्या दांडग्या सीगलने, कळायला मार्ग नव्हता. सुप्रभाताईंनी हात जोडले.

डॉक्टरांचे पाय कोमट पाण्याने धुतले, जेवायला वाढलं. खीर दोनदा मागून घेतली त्यांनी. "आई, तू नाही बसत?" विचारलं. "मागून," सुप्रभाताई म्हणाल्या, जसं सासूबाई म्हणायच्या. मग ते खुर्चीत झोपले. झोपेतही टाच हलत होती.

सुप्रभाताई परत टेबलाशी येऊन बसल्या. चिंचेच्या पाण्यात राम तसाच पडून होता.

कुणालाही कळणार नव्हतं. शोनाला भाषा येत नाही, पोलीस आले नाहीत, कडी उद्या आणखी घट्ट बसवून घेता येईल. सकाळी केअर होमचा फोन आला की 'नो, थँक यू' म्हणायचं, ते इंग्रजी त्यांना चांगलं येतं. खोली दुसऱ्या कुणाला मिळेल. संध्याकाळी जाग आल्यावर कदाचित 'अहो'ला वळतीलही. असं होतं म्हणतात, येतं आणि जातं.

त्यांनी राम पाण्यातून काढला. धनुष्याची खाच टूथब्रशने घासली. पुन्हा घासली. मूर्ती एवढी लख्ख झाली की त्यात खिडकी दिसायला लागली, आणि तरी त्या घासतच होत्या.

"मी नाव घेतलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुझ्यासमोर नाही, पण तुला ऐकू आलं असेल. त्यापायी जे काय आयुष्य कमी व्हायचं ते माझ्यातून काढ. आणि दुसरं..."

दुसरं त्यांना म्हणता येईना. शपथ घेताना सोपी गेली होती. तेव्हा वाटलं होतं, एक दिवस ते वळणार नाहीत, म्हणजे दगडासारखे बसून राहतील. ते वळतील, आनंदाने वळतील, आणि तरीही आपल्याकडे नाही, हे कुणाच्या मनात येणार? घरी ठेवून घेतलं तर ते सुखात राहतील. आईपाशी. आणि पुढच्या वेळी कडी राहिली, तर आईला न सांगता शाळेला निघतील, मुलं निघतात तशी.

त्यांनी हात पुसले आणि कार्डिफला फोन लावला.

"वरदा, उद्या केअर होमला हो सांग."

"आई, काय झाला? बाबा कुठे आहेत?"

"झोपलेत. बरे आहेत. बोगद्यात गेले होते. मी 'अहो' म्हटलं, तीनदा. नाही वळले."

"मग कसे आले?"

"नावाने हाक मारली."

"तू?" वरदाचा श्वास ऐकू आला. "तू नाव घेतलीस? मोठ्याने?"

"हो."

पंधरा दिवस हट्ट धरून बसलेली ती मुलगी आता म्हणाली, "आई, आपण थोडा थांबू या का? मी leave घेऊन येते, आपण काहीतरी..."

"नको. माझी शपथ आहे." मग त्यांनीच विचारलं, "तिथे पळायला जागा आहे?"

"गार्डन आहे. गोल path आहे, सगळीकडून बंद."

"पाणी?"

"नाही. पाणी नाही."

"बरं," सुप्रभाताई म्हणाल्या. पाणी नाही म्हटल्यावर आधी जीव भांड्यात पडला, आणि मग लगेच डोळ्यांत पाणी आलं. कालव्याशिवाय हा माणूस कुठे राहिलाच नव्हता.

दसऱ्यापर्यंत घरीच ठेवायचं, तेवढं मात्र त्यांनी वरदाकडून कबूल करून घेतलं. नऊ दिवस घट असताना घरातलं माणूस हलवायचं नाही. दसऱ्याला वरदा येईल, मग न्यायचं. दसऱ्याला माणसं सीमा ओलांडतात आणि सोनं घेऊन घरी परत येतात.

"आणखी एक आहे, आई," वरदा म्हणाली. "तिथे सगळ्यांचे कपडे एकत्र धुतात. म्हणून प्रत्येक कपड्यावर नाव लिहायचा असतो. शर्ट, मोजे, सगळा. मी आल्यावर लिहीन ना, तू नको करू."

"मी लिहीन," सुप्रभाताई म्हणाल्या. "एवढं घेतलंच आहे, तर लिहायला काय."

फोन ठेवून त्यांनी एकेक देव पुसून देव्हाऱ्यात मांडला. अन्नपूर्णा, गणपती, बाळकृष्ण, आणि शेवटी राम, त्याच्या नेहमीच्या जागी, मधोमध. पुढच्या खोलीत टाचेचा ठेका पुन्हा सुरू झाला होता. म्हणजे जाग आली होती. त्यांनी हाक मारण्यासाठी तोंड उघडलं, आणि कोणती मारावी ते न सुचून तशाच उठून तिकडे गेल्या.

उद्या घट बसवून झाले की शोनाला तासभर घरी बसायला सांगून त्यांना हाय स्ट्रीटवर जायचं होतं, कपड्यांवर नाव लिहायचं, धुतल्यावर न जाणारं पेन आणायला.